‘मिटलं’ म्हणणारे व्यंकटमामा

व्यंकटमामांनी कुणाचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. “मामा, काल पोलिसांनी गाडी...” एवढं समोरच्याच्या तोंडून निघेपर्यंत त्यांचा उजवा पंजा वर गेलेला असायचा. “मिटलं म्हण.” बस्स. पुढं बोलायचं नाही. काय मिटलं, कसं मिटलं, कुणाकडून मिटलं हे विचारणं म्हणजे मामांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. समोरचा हात जोडून मागं सरायचा, आणि मामा जसं काही लोकसभेत विधेयक पास करून बसलेत अशा थाटात चहावाल्याकडं बोट करायचे. चहाचे पैसे हात जोडणाऱ्यानंच द्यायचे, हे वेगळं सांगायला नको.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं माझी माय म्हणते. ते जिवंत होते तेव्हा ती म्हणायची, मोठ्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मग माणसानं बोलायचं कधी?

मायचे ते चुलत भाऊ. नायगावात बसस्टँडासमोर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतभर फोटो. फोटोत मामा कायम कुणातरी पुढाऱ्याच्या खांद्यामागं, मान उंच करून. लायसन, पासिंग, विमा, गाडी नावावर करणं, आसपासच्या खेड्यांत चाकावर जे जे म्हणून चालत होतं त्याचा कागद या टेबलावरून गेलेला. शोरूमवाला गाडीची चावी मालकाच्या हातात द्यायचा आणि कागद मामांच्या. आमच्याकडं ही पद्धतच पडून गेली होती. नवी गाडी घेतली की आधी मारुतीला नारळ, मग मामांना.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नांदेडला राहून बी.कॉम. केलं. सकाळी कॉलेज, दुपारी एका दुकानात बिलं फाडायची, असं करून केलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकाल लागला तेव्हा दादांनी (माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो) पेढे घेऊन मला मामांच्या दुकानात नेलं. मामांनी दोन पेढे तोंडात टाकले आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, “वा, वा, कलेक्टरीणबाई! पन एक ध्यानात ठेव. तुमी शिकलेले, आमी पोचलेले. शिकलेला मानूस शेवटी पोचलेल्याकडंच येतो.” दुकानातली चारपाच माणसं हसली. दादाही हसले. मी हसले नाही, आणि मामांनी ते बरोबर पाहिलं.

लोकांना वाटायचं मामा पैशाचे लोभी. तसं नव्हतं. नात्यातल्या माणसांकडून तर ते एक पैसाही घ्यायचे नाहीत. त्यांना पैशापेक्षा वाईट गोष्टीची भूक होती. आपल्यावाचून कुणाचं पान हलू नये, ही ती भूक. सरकारी कचेरी, पोलीस ठाणे, कोर्ट या तीन जागांची भीती जितकी जास्त तितके मामा मोठे. म्हणून ते ती भीती घालायचे. दादांना तर त्यांनी लहान मुलाला बागुलबुवा सांगावा तसं कोर्ट सांगून ठेवलं होतं. “दाजी, कोर्टात एकदा गेलेला मानूस घरला येतो, पन त्याची अब्रू येत न्हाई. तिथं भिंतीसुदिक सवाल करतेत.” हे सांगणारा माणूस स्वतः कोर्टात किती वेळा उभा राहिला होता, हे कधी कुणी विचारलं नाही.

दादांचा पिकअप टेम्पो होता, अजून आहे. मंडपाचं सामान, हळदीची पोती, कडबा, शेळ्या, जे मिळेल ते भाडं. आणि लग्नसराईत वऱ्हाड. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात हे दादांना माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडं नवरदेवाच्या बापानं घरी येऊन कपाळाला कुंकू लावून, “गाडी तुमचीच लागल,” म्हटलं की ड्रायव्हरनं नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर ते भाडं नाकारणं नसतं, ते लग्नाला अपशकुन करणं असतं. अशाच एका वऱ्हाडाला घेऊन दादा लातूरच्याही पुढं निघाले होते. मुरूडजवळ पोलिसांनी गाडी थांबवली. मागं बायकापोरं, ताशा, केळीचे खांब. पोलिसांनी फोटो काढला, मशीनमधून पावती काढली आणि सांगितलं, याचा निकाल लातूरच्या कोर्टात लागेल.

दादांनी ती पावती खिशात तशीच ठेवली आणि घरी येण्याआधी नायगावला थांबून मामांच्या टेबलावर ठेवली.

“व्यंकटराव, कोर्टाचं...”

पंजा वर. “मिटलं म्हना, दाजी.”

“न्हाई, ते पोलीस मनत होते की तारीख...”

“मी हाव ना? लातूरला आपला वकील हाय. एक फोन. तुमी वऱ्हाडाचा बुंदीलाडू आनला का न्हाई, ते सांगा.”

दादांनी दुसऱ्या दिवशी लाडू नेऊन दिले. त्यानंतर भाजी निघाली की भाजी, हुरडा आला की हुरडा, आणि मामांच्या पोरीच्या साखरपुड्याला टेम्पो फुकट. मध्येमध्ये दादा विचारायचे, आणि मामा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, “कामून सारखं सारखं मेलेलं मडं उकरता?”

मडं मेलेलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी हवालदार दारात आला. मी सुट्टी काढून गावी आले होते. तोपर्यंत मला नांदेडच्या एका दवाखान्यात हिशेबाची नोकरी लागली होती. हवालदार भला माणूस होता. त्यानं आवाज चढवला नाही, पण वर्दी बोलत नसली तरी गल्ली बघते. समोरची काकू धुणं तसंच टाकून उभी राहिली. हवालदारानं दादांना नाव विचारलं आणि म्हणाला, “लातूर कोर्टाचं वॉरंट हाय तुमच्या नावानं. सोमवारी सकाळी स्वतःहून हजर व्हा. न्हाई झालात तर मला घिऊन जावं लागल. माझी नोकरी हाय, राग मानू नका.”

दादांचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसानं पुराच्या पाण्यातून टेम्पो काढला तो माणूस उंबऱ्यावरच बसला.

मायनं मामांना फोन लावला. मामा तासाभरात आले. बाजेवर बसले, चहा घेतला, हवालदाराला दोन शिव्या दिल्या, आणि मग जो सल्ला दिला तो ऐकून मला आधी वाटलं ते मस्करी करताहेत.

“दाजी, उद्या सकाळच्या गाडीनं देगलूरला जा, बहिनीकडं. पंधरा दिवस तोंड दाखवू नका. टेम्पो माझ्या दुकानामागं लावा. तोवर मी मिटवतो.”

“म्हणजे पळून जायचं?” मी विचारलं.

“हे बघ, कलेक्टरीणबाई, हितं मानसं बोलून राहिलेत.”

“दादांनी चोरी केली का?”

मायनं मला डोळ्यांनी दटावलं. मामा तिच्याकडं बघून म्हणाले, “आक्का, पोरीला शिकवलंस, पन कुठं गप बसावं ते शिकवायचं राहिलं बघ.”

मी गप बसले. पण मोबाईल काढून बसले. कोर्टाच्या खटल्यांची माहिती सरकारच्या वेबसाइटवर बघता येते, हे मला ऑफिसात कळलं होतं. दवाखान्याची एक जुनी केस होती, तिची तारीख मीच काढायची. जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि साल टाकायचं, आणि कॅप्चाची ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची. आमच्या गावात रेंज म्हणजे देवाची मर्जी. मी अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून पाण्याच्या टाकीपाशी अशी हिंडत होते, आणि आत मामांचं भीती घालणं चालू होतं. “जज लई कडक हाय मनतेत. मागं एकाला उभ्या उभ्या आत टाकलं.”

दादांच्या नावाची दोन माणसं निघाली. एकाचा भांडणाचा खटला होता. दुसरे दादा. मोटार वाहन कायदा, मुरूडची हद्द. खाली तारखांची रांग. मी आत गेले आणि दादांना म्हटलं, “ऐका.” आणि मामांसमोरच मोठ्यानं वाचायला लागले. पहिली तारीख, आरोपी गैरहजर. दुसरी तारीख, आरोपी गैरहजर. समन्स. गैरहजर. पुन्हा समन्स. गैरहजर. वॉरंट. वकिलाच्या नावाची जागा कोरी.

“तुमचा लातूरचा वकील कुठंय, मामा?”

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. “मोबाईलवर काय खरं असतंय? मोबाईलमधी मानूस सिंहावर बसून बी दिसतो.”

“आणि एवढे समन्स निघाले. आमच्याकडं एकही कसा आला नाही? मेसेज तरी यायला पाहिजे होता.”

मी टेम्पोचे कागद मागितले. मूळ कागद मामांकडंच, घरात नुसती झेरॉक्स. तिच्यावर पत्ता मामांच्या दुकानाचा. मग मी मोबाईलवर गाडीची नोंद उघडली. गाडीला जोडलेल्या मोबाईल नंबराचे सगळे आकडे दिसत नाहीत तिथं, शेवटचे तेवढे दिसतात. ते आकडे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होते. अडीअडचणीला तोच नंबर लावायचो आम्ही.

“गाडी दादांची, आणि नंबर तुमचा?”

“सगळ्या गावाच्या गाड्यांला माझाच नंबर हाय,” मामा म्हणाले. लाज नाही, उलट मोठेपणा. “कुनी सिम बदलतं, कुनाचा फोन पान्यात पडतो. लोकांची सोय केली मी.”

“मग मेसेज आले तेव्हा सांगितलं का नाही?”

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. दादांकडं बघत, शांतपणे, जणू खूप दयेनं म्हणाले, “तुझ्या बापाला मेसेज वाचता येतो का?”

दादा चौथीत शाळा सोडलेले. सही करतात, बसच्या पाट्या वाचतात, पण मोबाईलवरचं मला नाहीतर मायला दाखवतात. ते त्यांनी कधी कुणापासून लपवलं नव्हतं. पण त्या क्षणी त्यांनी मान खाली घातली, आणि ती खाली गेलेली मान मी व्यंकटमामांना आजही माफ केलेली नाही. वॉरंट कदाचित माफ केलं असतं.

“मला येतो,” मी म्हटलं. “मला येतो वाचता. मला पाठवायचे.”

“तू बाई हायेस. उद्या नवऱ्याच्या घरी जाशील,” मामा उठत म्हणाले. “दाजी, सकाळची गाडी धरा. मागचं मी बघतो.”

रविवारी सकाळी दादांनी पिशवी भरली. रात्रभर माय त्यांना समजावत होती आणि ती मामांच्या बाजूनं होती, हे मी इथं लिहिते कारण ते खरं आहे. मी त्यांच्यासोबत नायगावच्या स्टँडवर गेले. देगलूरची गाडी लागलेलीच होती. पलीकडं नांदेडची गाडी, तिथून लातूर. स्टँडासमोर मामांच्या दुकानाचं शटर अर्धं वर, आणि मामा पायरीवर उभे राहून आमच्याकडं बघत होते. हात करून देगलूरच्या गाडीकडं दाखवत होते, जसं काही आम्हाला पाटी वाचता येत नव्हती.

दादांनी पिशवी गाडीच्या दारात ठेवली.

“दादा,” मी म्हटलं, “पंधरा दिवसांनी वॉरंट संपत नसतं. हवालदार परत येणार. मग परत देगलूर. टेम्पो कोण चालवणार?”

“भिंतीसुदिक सवाल करतेत मनतेत,” दादा म्हणाले. चेष्टेनं नाही. खरंच घाबरून.

“मग मी आहे ना सोबत. भिंतींना मी उत्तर देते.”

कंडक्टरनं विचारलं, “बसायचंय का, काका? का पिशवीच जाणार हाय देगलूरला?”

दादांनी वाकून पिशवी उचलली आणि ते नांदेडच्या गाडीकडं चालू लागले. समोरून व्यंकटमामा ओरडले, “दाजी! तिकडं कुठं!” दादांनी वळून पाहिलं नाही. त्यांना मामांचं न ऐकताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

लातूरला आम्ही माझ्या मैत्रिणीकडं उतरलो. सोमवारी सकाळी कोर्टाच्या खिडकीवर मी केस नंबर सांगितला. आतल्या बाईंनी तो लिहून घेतला, कोणत्या मजल्यावर जायचं ते सांगितलं आणि म्हणाल्या, “नंबर काढून आलात ते बरं केलंत, नाहीतर दुपार झाली असती.” गरिबांना फुकट वकील देणारं एक कार्यालय तिथंच आवारात होतं. तिथल्या एका तरुण वकिलानं वॉरंट रद्द करायचा अर्ज लिहिला. दादांनी सही केली.

न्यायाधीश बाई होत्या. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, “इतक्या तारखांना आला नाहीत. का?”

दादांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. “मला कळलंच न्हाई साहेब. कळवनाऱ्यानं कळवलं न्हाई.”

“गुन्हा कबूल आहे का? मालाच्या गाडीत माणसं बसवली होती?”

“बसवली व्हती. नवरदेवाची मानसं व्हती साहेब, कशी उतरवू?”

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. “नवरदेव घरी सुखरूप पोचावा म्हणूनच कायदा आहे. गाडी उलटली असती तर? पुन्हा बसवू नका.” दंड सांगितला, वॉरंट रद्द केलं आणि पुढचं नाव पुकारलं. पुढचा माणूस उभा राहिला. आम्ही दंड भरला, पावती घेतली आणि बाहेर आलो.

आवारातल्या झाडाखाली दादा थांबले. मला वाटलं त्यांना बरं वाटत असेल. ते म्हणाले, “येवढंच व्हतं?”

“एवढंच होतं.”

“येवढ्यासाठी मी वरीसभर झोपलो न्हाई?” आणि मग त्यांनी मामांना अशी एक शिवी दिली जी मी इथं लिहिणार नाही. वडिलांच्या तोंडून तसली शिवी मी पहिल्यांदा ऐकली आणि मला ती गोड लागली.

पण व्यंकटमामा व्यंकटमामाच. आम्ही संध्याकाळी नायगावला उतरलो तोवर स्टँडावर बातमी आमच्या आधी पोचली होती. मामा चहाच्या टपरीवर बसून सांगत होते, “मीच लातूरला लावून ठेवलं व्हतं. पोरीला नुसतं कागद घिऊन धाडलं. जजनी नाव ऐकल्याबरोबर सोडलं.” टपरीवाला मला म्हणाला, “अक्का, मामानं लई मोठं काम केलं बघा.” मी काही बोलायच्या आत दादा पुढं झाले. “व्यंकटराव, टेम्पोचे कागद द्या. आन् नंबर माझ्या पोरीचा टाकायचा हाय.”

“इस्वास न्हाई का, दाजी?”

“न्हाई,” दादा म्हणाले.

एवढा छोटा शब्द. पण टपरीवरची बाकी माणसं कपातच बघायला लागली. मामांनी कागद दिले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी येणं बंद केलं. माय रडली. भाऊ तुटला म्हणाली. गावातल्या लोकांनीही आम्हालाच बोल लावला. ज्यानं आयुष्यभर केलं त्याच्यावर उलटले म्हणाले. मामांचं दुकान तसंच चालू राहिलं, पंजा तसाच वर जात राहिला.

मग एका सकाळी मामा दुकानात बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. मायसाठी म्हणून मी तिसऱ्या दिवशी दादांबरोबर गेले. अंगणात माणूस मावत नव्हता. लोक रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं हेही मी सांगते. आत बायका बसल्या होत्या, मी बाहेर ओट्याच्या कडेला उभी होते.

थोड्या वेळानं शेजारच्या गावातला एक ऑटोवाला माझ्याजवळ आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “अक्का, तुमाला ते मोबाईलवर बघता येतंय मनं. माझ्या गाडीचं बी मिटलं, असं मामा मनले व्हते. जरा बघता का?”

मी बघितलं. नाव टाकलं, साल टाकलं. मिटलेलं नव्हतं.

त्याच्या मागं दुसरा उभा होता. त्याच्या मागं दोघं, दुधाच्या गाडीवाले भाऊ. सगळे खाली मान घालून, कुजबुजत, आत हुंदके चालू असताना आपापल्या गाडीचे नंबर सांगत होते. कुणाची नांदेडला तारीख, कुणाची लातूरला. एकाचं वॉरंट निघालेलं. तो मटकन खाली बसला. “आता मामा न्हाईत. आता कुनाकडं जायाचं?”

दादा माझ्या मागंच उभे होते. ते पुढं आले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

“कोर्टात जायाचं,” दादा म्हणाले. “मी येतो संगं. मी पाह्यलंय. बाक हाय, पंखा हाय, इचारतेत ते सांगायचं. भिंती काय बी बोलत न्हाईत.”

आतून कुणीतरी मला हाक मारली, फोटोला हार घालायला. मी म्हटलं, “तुम्ही घाला,” आणि पुढच्याच्या गाडीचा नंबर विचारला.